कुंभारीण माशी

एकएकटी राहणारी, मातीचे घरटे बांधणारी गांधीलमाशी. कुल स्फेसिडी, शास्त्रीय नाव स्केलिफ्रॉन मद्रासपटानम. फाब्रिसिउस यांनी 1781 मध्ये तिचे वर्णन केले. अंग काळे, त्यावर पिवळ्या खुणा; कंबर दोऱ्यासारखी बारीक. भारतात सर्वत्र आढळते. मुरुडसारख्या कोकणपट्टीच्या गावांत पडवीचे वासे आणि दारांच्या चौकटी या तिच्या आवडत्या जागा. माणसाला ती सहसा डसत नाही. घरटे दिसताच पाडण्याचे कारण नाही.

बांधकाम मादी एकटीच करते. वाडीतल्या पाटाकाठची ओली माती जबड्यांनी खरवडून तिची गोळी करते आणि गुणगुणत लिंपते. त्या थरथरीने माती सहज पसरते. तिरक्या अर्धकमानी भिडत जाऊन नळीसारखी खोली तयार होते. मग कोळ्यांची शिकार. डंखाने कोळी लुळा पडतो, पण मरत नाही. अळीला अन्न ताजे मिळते ते यामुळेच. हा सारा व्यवहार थक्क करणारा आहे. एका कोळ्यावर अंडे घालून, खोली गच्च भरली की ती तोंड बंद करते. शेवटी सर्व खोल्यांवर मातीचा जाड गिलावा चढतो. अळी कोळी संपवून तपकिरी कोश विणते. प्रौढ माशी भिंत कुरतडून बाहेर पडते. काही खोल्यांतून मात्र चकाकत्या निळ्या-हिरव्या परजीवी माश्याच निघतात.