समीकरण आणि अंतराचं सूत्र: उत्तर का चुकतं आणि मोबाईलवर कसं तपासायचं?

दहावीच्या गणितात पद्धत समजलेली असते, सूत्रही पाठ असतं, तरी उत्तर चुकतं. बऱ्याचदा कारण एकच असतं: वजामधून वजा. बीजगणित असो वा निर्देशक भूमिती, घोटाळा तिथेच होतो. चला, दोन उदाहरणं स्टेप बाय स्टेप पाहूया.

उदाहरण १: दोन चलांतील रेषीय समीकरणे

३क्ष + २य = ११ …(१)
३क्ष − य = ८ …(२)

स्टेप १: दोन्हीकडे क्षचा सहगुणक ३ आहे, म्हणून (१) मधून (२) वजा करू. आधी कंस घाला:
(३क्ष + २य) − (३क्ष − य) = ११ − ८

स्टेप २: कंस सोडवताना आतली चिन्हं बदलतात. २य − (−य) म्हणजे २य + य = ३य.
३य = ३, म्हणून य = १

इथे घाईत २य − य केलं की य = ३ येतं आणि पुढचं सगळं गणित बिघडतं.

स्टेप ३: (१) मध्ये य = १ ठेवा.
३क्ष + २ = ११, म्हणून क्ष = ३

स्टेप ४: (२) मध्ये पडताळा घ्या. ९ − १ = ८, बरोबर! उकल (३, १).

उदाहरण २: दोन बिंदूंतील अंतर

अ(−१, ४) आणि ब(३, १) यांतील अंतर काढा.

स्टेप १: क्ष निर्देशकांतील फरक: ३ − (−१) = ४
स्टेप २: य निर्देशकांतील फरक: १ − ४ = −३
स्टेप ३: वर्गांची बेरीज: १६ + ९ = २५
स्टेप ४: अंतर = √२५ = ५

इथेही कंस विसरून ३ − १ = २ केलं, तर उत्तर √१३ येतं.

आता मोबाईल काढा

जिओजेब्रा ॲपमध्ये दोन्ही समीकरणं टाइप करा (क्ष, य ऐवजी इंग्रजी एक्स, वाय). दोन रेषा दिसतील आणि त्या (३, १) वरच छेदतील. म्हणजे समीकरणांची उकल हाच रेषांचा छेदनबिंदू! मग अ आणि ब बिंदू टाकून सेगमेंट टूलने जोडा. लांबी ५ दिसेल.

फोटो काढून गणित सोडवणारं फोटोमॅथसारखं ॲप वापरत असाल, तर ॲपने समीकरण नीट वाचलंय का हे आधी बघा. वहीतलं फिकट वजा चिन्ह कॅमेऱ्यातून सुटू शकतं.

आणि क्रम लक्षात ठेवा: आधी वही, मग मोबाईल. परीक्षेत फोन सोबत नसतो, पण पडताळा तिथेही घेता येतो.

स्वतः करून बघा

२क्ष + ३य = १२ आणि २क्ष − य = ४ सोडवा. मिळालेल्या बिंदूचं (−३, −६) पासूनचं अंतर काढा.

उत्तरं: (३, २) आणि १०. जुळली नाहीत तर आधी वजाची चिन्हं तपासा!