लहानपणी दिसलेलं ते ‘काहीतरी’ नेमकं काय होतं? साधं उत्तर असं शोधतात

‘पाचवीत असताना गच्चीवरून काहीतरी दिसलं होतं, आजपर्यंत कळलं नाही काय होतं ते.’ असा किस्सा जवळपास प्रत्येक घरात एक तरी असतो. अशा आठवणींमागचं साधं कारण शोधता येतं का? बऱ्याचदा येतं. त्यासाठी नागपूरकरांच्या ओळखीचं एक ताजं उदाहरण पाहू.

२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ

गुढीपाडव्याचा दिवस होता. रात्री आठच्या सुमारास नागपूर, चंद्रपूरसह राज्याच्या अनेक भागांतून आकाशात एका रांगेत सरकणारे जळते गोळे दिसले. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान पडलं म्हणालं, कुणी परग्रहवासी. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात सुमारे ३ मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलेलं सापडलं. परिसरात पोकळ धातूचा गोळाही मिळाला.

सुरुवातीला काही जाणकारांना ते त्याच दिवशी न्यूझीलंडहून सुटलेल्या रॉकेटचे अवशेष वाटले. नंतर खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी कक्षेच्या नोंदींवरून सांगितलं, की ते फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी ‘चांग झेंग ३बी’ रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे तुकडे असण्याची शक्यता जास्त आहे. म्हणजे पहिलं सुचलेलं ‘वैज्ञानिक’ उत्तरसुद्धा तपासून घ्यावं लागतं.

यातली एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. उल्का बहुतेक वेळा काही सेकंदांत विझते. कक्षेतून खाली येणारा कचरा त्यापेक्षा सावकाश जातो, त्याचे तुकडे होतात आणि ते बराच वेळ एकाच दिशेने सरकताना दिसतात.

आकाशात नव्हे, जमिनीवर दिसलं असेल तर?

* छातीवर कुणी बसलंय असं वाटणं: जाग येते, पण हातपाय हलत नाहीत आणि खोलीत कुणीतरी उभं असल्याची खात्री वाटते. याला निद्रा पक्षाघात म्हणतात. झोपेतलं स्वप्न आणि जागेपण काही क्षण एकमेकांत मिसळतात. साधारण १०० पैकी ८ जणांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो.
* पांढरा चेहरा, किंकाळी आणि पावलांचा आवाज नाही: गव्हाणी घुबड जुन्या वाड्यांत, पडक्या इमारतींत राहतं. त्याचा चेहरा बदामाच्या आकाराचा पांढरा असतो, ओरडणं कर्कश असतं आणि उडताना आवाज जवळजवळ होत नाही.
* चकवा लागणं: फिरून फिरून त्याच जागी येणं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन संशोधनात जंगलात आणि वाळवंटात माणसांना सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत नसताना ती नकळत गोल फिरली.

आठवण म्हणजे व्हिडिओ नाही

१९९५ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलीन पिकरेल यांनी २४ जणांना बालपणीच्या खऱ्या प्रसंगांसोबत ‘तू लहानपणी मॉलमध्ये हरवला होतास’ हा खोटा प्रसंगही सांगितला. सुमारे एक चतुर्थांश जणांना तो पूर्ण किंवा अर्धवट ‘आठवला’. घरात दहा वेळा सांगितला गेलेला किस्सा असाच भरत जातो. यात कुणी खोटं बोलत नसतं.

म्हणून शोध घेताना हा क्रम उपयोगी पडतो:

१. कुणाशीही बोलण्याआधी आठवतं तेवढं लिहून काढा. पाहिलेलं आणि नंतर ऐकलेलं वेगळं ठेवा.
२. साल, ऋतू, वेळ, दिशा ठरवा. सण किंवा इयत्ता आठवली तरी मदत होते.
३. सोबत असलेल्यांना वेगवेगळं विचारा, एकत्र बसवून नको.
४. जुनी वर्तमानपत्रं पाहा. जमल्यास त्याच जागी, त्याच वेळी जाऊन बघा.
५. तरीही जुळलं नाही तर ‘माहीत नाही’ हे उत्तर चालतं. ‘माहीत नाही’ म्हणजे ‘भूत होतं’ असं नाही.

मूल आज घाबरलं असेल तर

‘काही नसतं रे’ म्हणून हसण्यावारी नेऊ नका आणि मांत्रिकाकडेही नेऊ नका. नागपुरात मुख्यालय असलेली अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८२ पासून भानामतीसारख्या प्रकरणांचा छडा लावत आली आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा गुन्हा आहे. त्यासाठी ६ महिने ते ७ वर्षं कैद होऊ शकते.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. मुलाने सांगितलेला ‘राक्षस’ कधीकधी खरा माणूस असतो. ‘कोण होतं, कुठे होतं, काय केलं’ हे शांतपणे विचारा, उत्तर त्याच्या तोंडी घालू नका. गरज वाटली तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८ वर फोन करा. जुनी भीती मोठेपणीही झोप मोडत असेल तर टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे.