एटीपीची कुळकथा

भाकरीतल्या पिठुळ पदार्थाची साखर होते, ती पेशीत पोचते, तिथे ऑक्सिजनच्या मदतीने तिचं विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं. या वाटेवर सुटणारी ऊर्जा स्नायूला किंवा मेंदूला जशीच्या तशी वापरता येत नाही. आधी ती अ‍ॅडिनोसिन ट्रायफॉस्फेट, म्हणजे एटीपी, या रेणूत साठवावी लागते. त्याच्या तीन फॉस्फेटांपैकी शेवटचं सुटलं की पेशीचं काम होतं आणि दोन फॉस्फेटांचा एडीपी उरतो. श्वसन त्याला पुन्हा फॉस्फेट जोडून देतं. शाळेच्या पुस्तकांत एटीपीला पेशीचं ऊर्जाचलन म्हणतात. या रेणूपर्यंतची वाट फॉस्फेट मोजण्याच्या चिकाटीच्या कामातून गेली आहे.

फॉस्फेटाचा पहिला धागा यीस्टमध्ये सापडला. 1897 मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी यीस्टच्या पेशी चिरडून काढलेला रसही साखर आंबवतो, हे दाखवलं. जिवंत पेशीत चालणारी रासायनिक क्रिया आता पेशीबाहेर, काचेच्या भांड्यात तपासता येऊ लागली. लंडनमध्ये आर्थर हार्डन आणि विल्यम यंग याच रसावर काम करत होते. 1905-06 च्या सुमारास त्यांना दिसलं, की रसात फॉस्फेट घातलं की आंबण्याचा वेग वाढतो आणि घातलेलं फॉस्फेट दिसेनासं होतं. ते साखरेला जोडलं जात होतं. फॉस्फेट या क्रियेत स्वतः भाग घेतं, हे तेव्हा कळलं. ते कशासाठी, हे उलगडायला आणखी 20-25 वर्षं गेली.

दरम्यान स्नायूंचा अभ्यास वेगळ्याच दिशेने चालला होता. आकुंचनाची ऊर्जा लॅक्टिक आम्ल तयार होण्यातून मिळते, असं ऑटो मायरहोफ आणि ए. व्ही. हिल यांच्या कामाच्या आधारे मानलं जाई. दोघांना 1922 चं नोबेल मिळालं होतं, त्यामुळे या मताचं वजनही मोठं होतं.

ते मत डळमळीत होण्याची सुरुवात बोस्टनमध्ये झाली. भीमावरमला 1895 मध्ये जन्मलेले आणि मद्रासमध्ये वैद्यक शिकलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात सायरस फिस्के यांच्याबरोबर काम करत होते. 1925 मध्ये दोघांनी फॉस्फरस मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. नमुन्यात आम्ल आणि मोलिब्डेट घालायचं, मग क्षपण करणारं रसायन मिसळायचं. फॉस्फेट जितकं जास्त तितका निळा रंग गडद. रंगाची तुलना करून आकडा काढायचा. ही पद्धत झटपट होती, थोड्या नमुन्यात भागत होती आणि अचूकही होती. आपल्याकडच्या जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना फिस्के–सुब्बाराव पद्धत आजही प्रात्यक्षिकांतून माहीत आहे.

हीच पद्धत त्यांनी स्नायूच्या अर्काला लावली, तेव्हा निळा रंग नेहमीच्या वेगाने चढेना. त्यांनी ही चूक समजून नमुना फेकून दिला नाही. अर्कात एक नाजूक संयुग होतं. ते आम्लात हळूहळू तुटून फॉस्फेट सोडत होतं आणि आधीचे संशोधक त्यालाच साधं फॉस्फेट म्हणून मोजत होते. हे संयुग म्हणजे फॉस्फोक्रिएटिन, 1927 चा शोध. स्नायूला काम लावलं की ते घटतं, विश्रांती मिळाली की पुन्हा भरतं, असं दिसलं. 1929 मध्ये जर्मनीत मायरहोफ यांचे सहकारी कार्ल लोमान यांनी, आणि स्वतंत्रपणे फिस्के–सुब्बाराव यांनी, स्नायूतून एटीपी वेगळा केला. पुढच्याच वर्षी डेन्मार्कच्या आयनार लुंड्सगार्ड यांनी विषप्रयोगाने लॅक्टिक आम्ल तयार होणं थांबवलं, तरी स्नायू काही काळ आकुंचन पावत राहिला. जुना सिद्धांत तिथे संपला.

पुढची पिढी एटीपी कुठे आणि कसा तयार होतो, या प्रश्नाला भिडली. 1937 मध्ये शेफील्डला हान्स क्रेब्ज यांनी अन्नाच्या अंतिम विघटनाचं चक्र मांडलं. 1941 मध्ये फ्रिट्झ लिपमान यांनी ऊर्जासमृद्ध फॉस्फेट बंधाची कल्पना स्पष्ट केली. श्वसनाचं हे काम तंतुकणिकेत चालतं, हे केनेडी आणि लेनिंजर यांनी 1948-49 मध्ये दाखवलं. 1961 मध्ये पीटर मिचेल यांनी सांगितलं, की अन्नातले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे जाताना तंतुकणिकेच्या आतल्या पटलापलीकडे प्रोटॉन ढकलले जातात, आणि ते परतताना एटीपी बनतो. अनेकांनी विरोध केला; 1978 मध्ये मिचेल यांना नोबेल मिळालं. प्रोटॉनांच्या प्रवाहावर खरोखर फिरणाऱ्या एटीपी सिंथेज या विकराची रीत उकलल्याबद्दल बॉयर आणि वॉकर यांना 1997 चं नोबेल मिळालं.

सुब्बाराव यांना नोबेल मिळालं नाही. 1948 मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या कामातली खरी शिकवण सोपी आहे: मोजणी नेमकी असेल, तर तिच्यात न बसणारा आकडाही नवं काही सांगतो. श्वसनाच्या अभ्यासात ही शिस्त अजून चालू आहे. ग्लुकोजच्या एका रेणूपासून 38 एटीपी मिळतात, असं पाठ्यपुस्तकं वर्षानुवर्षं सांगत आली. अधिक काटेकोर मोजमापांनंतर तो आकडा 30 ते 32 वर आला आहे.