सायकल दुरुस्त करण्याआधी

पुण्याला सायकलींचं शहर म्हणत, त्या काळात मी वकिली सुरू केली. सकाळच्या पाळीच्या वेळी खडकीच्या रस्त्यावर कामगारांच्या सायकलींची रांग लागायची. जेवणाचा डबा हँडलला आणि घड्याळाकडे लक्ष. त्या रांगेतला एखादा मोटारीखाली आला की पुढे काय व्हायचं, ते मी जन्मभर पाहिलं.

पहिला निवाडा रस्त्यावरच व्हायचा. लोक जमायचे, मोटारवाला खिशातून नोट काढायचा, गर्दीतला कुणी वडीलधारा म्हणायचा, "घ्या, मिटवून टाका." पडलेला माणूस आधी सायकल बघायचा. चाकाला आउट आलाय, चिमटा वाकलाय, पण संध्याकाळपर्यंत दुकानात नीट होईल, उद्याची पाळी बुडणार नाही. स्वतःच्या गुडघ्याकडे तो घरी गेल्यावर बघायचा. चौकीवर जायला तर बिचकायचाच. पोलिसांशी त्याची ओळख दंडापुरती: दिवा नाही, डबलसीट, पालिकेचा बिल्ला नाही.

कायदाही फार काळ त्याच्या मदतीला नव्हता. 1855 च्या कायद्याने मेलेल्याच्या वारसांना भरपाई मागता येई, जखमीला दिवाणी दावा लावता येई. पण मागाल त्या रकमेवर कोर्ट फी, आणि निकालाला वर्षं. 1939 च्या मोटार वाहन कायद्यात तिसऱ्या पक्षाच्या विम्याची सक्ती आली, ती प्रत्यक्ष लागू झाली 1946 मध्ये. 1956 च्या दुरुस्तीने मोटार अपघात न्यायाधिकरणांची सोय झाली. विमा आला, न्यायाधिकरण आलं, तरी एक अट उरलीच: चूक मोटारवाल्याची होती हे शाबीत करा. 1977 साली मिनू मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही अट ठामपणे कायम केली.

सायकलवाल्याच्या वाट्याला ही अट सर्वांत जड गेली, असं माझं मत आहे. एकटा माणूस, पहाटेचा रस्ता, साक्षीदार नाही. पंचनाम्यात काचेचे तुकडे, ब्रेकच्या खुणा, सायकल रस्त्याच्या कडेपासून किती अंतरावर पडली होती हे लिहिलं गेलं, तर काही आशा. माझा एक अशील लेथवर काम करायचा. त्याने नोट घेतली, त्याच संध्याकाळी चिमटा बदलला, जुना भंगारात गेला. महिन्याभरात पाय दुमडेना, आठ तास उभं राहणं संपलं. मोटारीचा नंबर कुणी टिपला नव्हता, पंचनामा नव्हता. दावा कुणावर लावायचा? त्याची बायको कागद मागायला माझ्याकडे यायची, आणि माझ्याकडे द्यायला एकही कागद नव्हता.

1982 ची दुरुस्ती मला म्हणूनच सर्वांत मोठी वाटते. चूक कुणाची हे न विचारता मृत्यूला 15,000 आणि कायमच्या अपंगत्वाला 7,500 रुपये. रक्कम तुटपुंजीच, पण पहिल्यांदा सायकलवाल्याला मोटारवाल्याची चूक शाबीत न करता काही मिळू लागलं. धडक देऊन पळालेल्या गाडीसाठीही त्याच वेळी तरतूद झाली. 1988 च्या नव्या कायद्याने हे आकडे वाढवले, 1994 मध्ये ते 50,000 आणि 25,000 झाले. एप्रिल 2022 पासून मृत्यूला 5 लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा नको, म्हणून 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने आणि 2019 च्या दुरुस्तीने संरक्षण दिलं.

पण 'मिटवून टाका' अजून गेलेलं नाही. आज त्या सायकलवर घरपोच जेवण पोचवणारा मुलगा असतो, त्यालाही पुढची ऑर्डर चुकवायची नसते. त्याच्याकडे माझं एवढंच मागणं आहे: गाडीचा नंबर टिपून घे, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवून कागद घे, फिर्याद दे, आणि पंचनामा होईपर्यंत सायकल दुकानात नेऊ नकोस. दाव्याला कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे, ती टळू देऊ नकोस.