पंढरपूर ते नगर: एका संसाराची दुसरी सुरुवात

‘सैराट’ २०१६ साली आला आणि आमचा करमाळा महाराष्ट्रभर प्रेमकथेचा तालुका झाला. त्या कथेत दोघं घर सोडून पळतात. पण तुटलेलं प्रेम काही वर्षांनी पुन्हा जुळतं तेव्हा काय होतं? त्याची एक खरी गोष्ट करमाळ्याच्या दोन बाजूंच्या दोन गावांशी जोडलेली आहे. एकीकडे पंढरपूर, दुसरीकडे नगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर. माणसं लक्ष्मीबाई आणि नारायण वामन टिळक.

१८८० च्या सुमारास त्यांचं लग्न झालं तेव्हा लक्ष्मीबाई अकरा-बारा वर्षांच्या होत्या. त्या काळी लग्न आधी व्हायचं, ओळख नंतर. प्रेम जमलंच तर संसार करता करता. टिळक कवी, तापट, एका जागी न टिकणारे. न सांगता घरातून निघून जायचे. बायकोला लिहावाचायला शिकवलं तेही त्यांनीच. भांडण आणि माया दोन्ही भरपूर.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई अशा माहेरात वाढलेल्या, जिथे वडिलांचं सोवळं टोकाचं होतं. नवरा ख्रिस्ती झाला म्हणजे त्याच्या हातचं पाणीही बंद. मुलगा दत्तू जेमतेम चार वर्षांचा. नातलगांच्या आधाराने राहताना त्यांचे दिवस पंढरपुरातही गेले. टिळकांची पत्रं येत राहिली. या विरहात बाईंनी कविताही रचल्या.

आज पंढरपूरहून टेंभुर्णी, करमाळा करत नगर गाठता येतं. तेव्हा पंढरपूरला रेल्वेसुद्धा नव्हती, ती १९०६ साली आली. पण या दोघांमधलं खरं अंतर किलोमीटरमध्ये मोजता येणारं नव्हतंच.

इथे त्या वेळचा एक कायदा माहीत असायला हवा. १८६६ च्या कायद्याने धर्मांतर केलेल्या माणसाला एक वाट दिली होती. धर्म बदलला म्हणून जोडीदाराने सहा महिने नांदायला नकार दिला, तर कोर्टात जाता येई. कोर्ट विचार करायला एक वर्षाची मुदत देई. तरीही नकार असेल तर लग्न मोडे आणि दोघांनाही पुन्हा लग्न करता येई. टिळकांनी ही वाट धरली नाही. ते थांबले.

शेवटी लक्ष्मीबाई नगरला आल्या, पण धर्म न बदलता. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यात. तिचं पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. पूर्वीचा संसार जसाच्या तसा परत मिळणार नाही, हे दोघांनाही कळलेलं होतं. तेव्हा आज जे जमेल त्यावर सुरुवात झाली. हळूहळू बाईंचा जातीवरचा विश्वास गेला, तोही स्वतःच्या विचाराने. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये.

पुढे सगळं गोड झालं असं समजू नका. टिळकांच्या हातात पैसा टिकला नाही, खटके उडतच राहिले. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त बाई हे सगळं हसत हसत सांगतात, नवऱ्याला सोडत नाहीत आणि स्वतःलाही नाही.

आपल्याकडे आता जुनं माणूस एका मेसेजवर सापडतं. चॅट वर सरकवलं की दहा वर्षांपूर्वीचे शब्दही तिथेच असतात. त्यामुळे माणूसही तिथेच थांबलं असेल असं वाटतं. टिळक दांपत्याची गोष्ट मला म्हणून महत्त्वाची वाटते. समोरचा बदलला आहे हे दोघांनी मान्य केलं, आणि त्या बदललेल्या माणसाला वेळ दिला.

टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं.