चाऱ्याचें पंचांग

आपल्या इतिहासग्रंथांत गडकोट आहेत, सनदा आहेत, जमाबंदीचे आंकडे आहेत. नाहींत तीं मेंढरें. जो एके ठिकाणीं राहतो त्याची नोंद होते; जो चालत राहतो त्यास आपण 'भटक्या' म्हणून मोकळे होतों. धनगरांच्या बाबतींत हा शब्द किती अन्यायाचा आहे, हें मेंढीच्या पोटाचा विचार केल्यावांचून ध्यानांत यावयाचें नाहीं.

माणदेशासारख्या पर्जन्यछायेच्या मुलखांत वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरांच्या आसपास, आणि तोहि लहरी. मृगाच्या सरींनंतर उगवणाऱ्या कोंवळ्या गवतांत प्रथिनें भरपूर असतात. तेंच गवत दिवाळीनंतर वाळलें कीं त्याचें सत्त्व उतरूं लागतें. प्रथिनांचें प्रमाण शेंकडा सुमारे ७ च्या खालीं गेलें म्हणजे मेंढीच्या पोटांत राहून चारा पचविणाऱ्या सूक्ष्म जीवांचीच उपासमार होते. मग समोर रान पसरलेलें असूनहि मेंढीला पुरेसें खाववत नाहीं व ती खंगत जाते. कुसळी गवत कोंवळें असतां चांगला चारा. पण पक्व झाल्यावर त्याचीं टोंकदार कुसळें लोकरींत व कातड्यांत रुततात.

धनगरांची वाट हें ह्या अडचणीचें उत्तर होय. पावसाळ्यांत ते कोरड्या माळांवरच राहतात, कारण दमट मुलखांत मेंढ्यांचे खूर कुजतात व पोटांत जंत वाढतात. दिवाळीच्या सुमारास कांहीं कळप घाट उतरून कोंकणांत जातात. तेथें कापणी झालेलीं भातखाचरें व ओला झाडपाला मिळतो. कांहीं देशावरच मोकळ्या शेतांतून फिरतात, आणि उन्हाळ्यांत बाभळीच्या शेंगा उपयोगीं पडतात. मेंढी सुमारे ५ महिने गाभण असते. आषाढांतल्या हिरव्या चाऱ्यावर गाभण राहिलेली मेंढी मार्गशीर्षाच्या सुमारास विते. तोंवर खरिपाचीं रानें मोकळीं झालेलीं असतात. शेतकरी आपल्या शेतांत रात्रीं मेंढरें बसवितो, लेंडीखत घेतो व मोबदल्यांत धान्य किंवा पैसे देतो. ह्या व्यवहारास कागद लागत नसे. दिलेला शब्द पुरत असे.

ही पद्धति केव्हां सुरू झाली हें सांगणें कठिण. पण माळ आणि मेंढरें यांचा संबंध फार जुना आहे. घोड नदीकांठच्या इनामगांवीं डेक्कन कॉलेजानें १९६८ ते १९८३ या काळांत उत्खनन केलें. तेथील अखेरच्या पर्वांत, म्हणजे इ. स. पूर्व १००० ते ७०० च्या दरम्यान, मोठ्या चौकोनी घरांच्या जागीं लहान गोल झोंपड्या आल्या. हवामान कोरडें होऊन लोक शेतीकडून पशुपालनाकडे वळले, असा मधुकर ढवळीकरांचा निष्कर्ष आहे. गुंथर सोन्थायमर यांनीं बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांवरील ग्रंथ १९७६ सालीं जर्मन भाषेंत प्रसिद्ध केला. त्यांतून धनगरांच्या देवांचा माळरानांशीं असलेला संबंध अभ्यासकांपुढें आला. बखरी जेथें गप्प आहेत तेथें देवळें बोलतात, तीं अशीं.

ह्या वाटेवर पहिला मोठा घाव कायद्याचा बसला. १८७८ च्या वनकायद्यानें राखीव वनांत विनापरवाना गुरें चारणें हा गुन्हा ठरविला, आणि कायद्याच्या व्याख्येंत मेंढरेंहि गुरांतच धरलीं होतीं. सरकारच्या दृष्टीनें तो जमिनीच्या मालकीचा प्रश्न होता. धनगराच्या दृष्टीनें वर्षांतला एक महिना गेला होता. पंचांगांतून एक महिना फाडून टाकला तर उरलेले अकरा महिने पूर्वीसारखे कसे राहतील? दुसरा घाव कालव्यांचा. जेथें एका पिकानंतर शेत मोकळें राही, तेथें आतां बारा महिने ऊंस उभा असतो. त्यांत शेतकऱ्याचा दोष नाहीं. परंतु ज्या मोकळ्या रानावर मेंढी वीत असे, तें रान तेवढें कमी झालें.

आमच्या विदर्भांत कच्छकडील रबारी उंटांवर बिऱ्हाड लादून मेंढरांसह फिरतात. त्यांना पाहून नागपूरचा सुशिक्षित मनुष्य 'हे लोक स्थिर कां होत नाहींत?' असें सहज विचारतो. आम्हांस वाटतें, प्रश्न उलटा विचारावा: पाऊस जर स्थिर नाहीं, तर मेंढीनें कोणत्या गवताच्या भरंवशावर स्थिर व्हावें? गायरानाचा निकाल लावतांना सातबारा पाहिला जातो, तो पाहावाच. पण त्या माळावर कोणत्या महिन्यांत कोणाचे कळप येत असत, हेंहि गांवच्या वृद्धांस विचारून लिहून ठेवावें. तें सांगणारीं माणसें अद्यापि आहेत. तीं गेल्यावर हा इतिहास कोणत्याहि दफ्तरांत सांपडणार नाहीं.