कातडे गेले, पेला राहिला

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले, तेव्हा अहमदाबादला त्यांच्या पस मॉथ विमानासाठी पेट्रोल आले ते चार गॅलनच्या डब्यांतून, बैलगाडीवर. डब्यांच्या त्या काळात वैमानिक नरसाळ्यावर मऊ शॅमॉय कातडे ताणून इंधन गाळत. पेट्रोलने भिजलेले कातडे पेट्रोल सोडते, पाणी अडवते. पुढे गाळणीवाले पंप आले, कातडे गेले. मग उड्डाणाआधी टाकीच्या तळातून पेलाभर इंधन काढून पाहण्याची रीत का टिकली? निव्वळ सवय, असे कुणी म्हणेल. पण कातडे फक्त इंधनासोबत येणारे पाणी अडवत होते. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्री आतून दव धरते, झाकणाचे रबर झिजले की पाऊस झिरपतो. चोख पंपालाही याची खबर नसते.

पेलाही फसवतो, हा आक्षेप मात्र खरा. पेट्रोलखाली पाण्याचा थेंब मोत्यासारखा लोळताना दिसतो. पण पेला पाण्यानेच भरला तर सीमारेषाच नाही, सगळे कसे स्वच्छ! १०० एलएल या विमानाच्या पेट्रोलला निळा रंग दिला प्रत ओळखायला, पण उपयोगी पडतो इथेही: पेला पांढऱ्या पार्श्वभूमीसमोर धरून निळाई दिसते का ते पाहायचे, वास घ्यायचा. जुन्या रबरी टाक्यांच्या सुरकुत्यांत पाणी अडून राहते, म्हणून पंख हलवून, थोडे थांबून, दुसरा पेला काढायचा.